झोपेत थांबणारा कंप

रात्रीचे साडेअकरा. स्लीप लॅबमधल्या बाईंच्या डोक्याला, हनुवटीला, हातांना, नडग्यांना इलेक्ट्रोड चिकटवलेत. पडद्यावर उजव्या हाताच्या स्नायूची रेघ थडथडतेय. हळूहळू मेंदूच्या लहरी संथ होतात, झोप लागते आणि ती रेघ सपाट होते.

‘झोपली की हात थांबतो बघा! म्हणजे मुद्दामच करते.’ फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डर हा हालचालींचा आजार असलेल्यांना घरच्यांकडून असं ऐकावं लागतं. पण पार्किन्सन्सचा कंपही झोपेत बहुधा थांबतोच. पार्किन्सन्स झालेल्या आजोबांना कुणी नाटकी म्हणत नाही.

फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डरमध्ये एमआरआयवर मेंदूला इजा दिसत नाही. बिघडलेलं असतं ते हालचालींचं नियंत्रण. लक्ष हाताकडे गेलं की कंप वाढतो, दुसरीकडे वळलं की ओसरतो. न्यूरोलॉजिस्ट तपासतानाही याचाच उपयोग करतात. डाव्या हाताचं बोट ठरावीक ठेक्यात आपटायला सांगतात; उजव्या हाताचा कंप तोच ठेका पकडतो किंवा थांबतो. निदान होतं ते अशा खुणांवरून. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे टेन्शन असणार’ हे काही निदान नव्हे. मागे मानसिक ताण सापडलाच पाहिजे, ही अट अमेरिकन मनोविकार संघटनेनेही 2013 मध्ये काढून टाकली.

आता रात्रीचं बघा. दिवसभर कामात मन रमवता येतं. अंथरुणाला पाठ टेकली की लक्ष शरीराकडेच जातं. काहींना नेमके डोळा लागताना पोटापाठीतून झटके येतात. अशा झटक्यांचं मूळ मज्जारज्जूत आहे, असं पूर्वी धरलं जायचं. पुढे त्यातल्या अनेकांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, झटक्याच्या जरा आधी मेंदूची एक संथ लहर सापडली. आपण स्वतःहून हात उचलतो तेव्हाही ती उमटते. 1960 च्या दशकात जर्मनीत कोर्नहूबर आणि डेके यांनी ती नोंदवली होती. म्हणजे हालचाल मेंदूतूनच निघते, पण ‘हे मी केलं’ ही जाणीव रुग्णाला होत नाही. ढोंग म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

झोप तुटली की दुसऱ्या दिवशी थकवा, अंगदुखी. मग दुपारी दोन तास झोप आणि रात्री पुन्हा टक्क जागं. म्हणून नुसत्या फिजिओथेरपीवर भागत नाही. उठायची वेळ पक्की करणं, दुपारची झोप आखडणं, झोप येत नसेल तर अंथरुण सोडून उठणं, हेही उपचारात यावं लागतं. आणि घोरणं किंवा रेस्टलेस लेग्ज (पाय सारखे हलवावेसे वाटण्याचा त्रास) असेल, तर त्यावरचा इलाज वेगळा.