माउंट लॉरेलची 36 घरं

श्रोतेहो, नमस्कार.

न्यू जर्सी म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना तिथं स्थायिक झालेला एखादा भाचा, एखादी मावसबहीण आठवते. त्याच राज्यात, फिलाडेल्फियाहून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर, माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. 1970 च्या सुमारास या गावातल्या काही कुटुंबांनी एक साधा प्रस्ताव मांडला. कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी भाड्याची 36 घरं बांधायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या मागणीतून उभ्या राहिलेल्या वसाहतीत पहिलं बिऱ्हाड आलं ते 2000 साली. मधली तीस वर्षं कशात गेली, ते आज सांगायचं आहे. कारण बांधकामाच्या मंजुरीसाठी गावोगाव होणाऱ्या जाहीर सुनावण्यांमध्ये परवडणाऱ्या घरांचे प्रस्ताव कसे अडतात, याचं इतकं उघडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी झोनिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गावातल्या जमिनीचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागात काय बांधता येईल, किती उंच, किती मोठ्या प्लॉटवर, हे नियमानं ठरवायचं. न्यूयॉर्क शहरानं 1916 साली असे नियम केले. कल्पना चांगलीच होती. शाळेच्या भिंतीला लागून कारखाना नको, हे कोण नाकारेल? 1926 साली ओहायोतल्या युक्लिड गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गावांच्या या अधिकारावर शिक्कामोर्तब झालं. पण त्या निकालपत्रात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क बांडगूळ ठरवलं. भोवतालच्या मोकळ्या, रम्य जागेचा फायदा उपटणारं बांडगूळ. कारखान्यापासून घरांचं रक्षण करणारा कायदा तिथंच घरापासून घराचं रक्षण करू लागला. त्याचे परिणाम पुढं शंभर वर्षं पुरले.

आता माउंट लॉरेलकडे येऊ. हे मूळचं शेतीचं गाव. 1950 साली लोकसंख्या 2,817 होती. महामार्ग आले, शेतं विकली गेली, बंगल्यांच्या वसाहती उठल्या आणि 1970 पर्यंत ती 11,221 झाली. या नव्या लोकांच्या कितीतरी आधीपासून तिथं कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून निसटून आलेल्यांना या भागातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आसरा दिला होता. त्यांचे वंशज स्प्रिंगव्हिल नावाच्या वस्तीत राहत. घरं मोडकळीला आलेली, काही तर कोंबड्यांची खुराडी डागडुजी करून राहण्याजोगी केलेली. गावाचे अधिकारी ही घरं राहण्यास अयोग्य ठरवत आणि ती रिकामी झाली की पाडून टाकत. त्यांच्या जागी नवं, स्वस्त घर बांधायला मात्र नियम आड येत. तरुण मुलांना संसार थाटायचा तर कॅमडेन शहरातल्या गचाळ वस्त्यांत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एथेल लॉरेन्स ही याच समाजातली बाई. लहान मुलांना शिकवणारी. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहत आलेलं. तिनं आणि शेजाऱ्यांनी मिळून त्या 36 घरांचा प्रस्ताव पुढं आणला. 1970 साली गावच्या महापौरांनी या लोकांच्या चर्चमध्ये येऊन उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की तुम्हाला आमच्या गावात राहणं परवडत नसेल, तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. 'आमच्या' गावात! हे ज्यांना ऐकवलं, त्यांचे पूर्वज त्या मातीत पुरलेले होते.

तोंडी नकार निदान स्पष्ट तरी असतो. लेखी नकार आकड्यांत होता, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. गावाच्या 1964 च्या नियमांनुसार राहण्यासाठी राखलेल्या सगळ्या विभागांत एका प्लॉटवर एका कुटुंबाचं एकच सुटं घर बांधता येई. सर्वांत दाट विभागातसुद्धा प्लॉट किमान 9,375 चौरस फुटांचा आणि एकमजली घर किमान 1,100 चौरस फुटांचं हवं. दुसऱ्या एका विभागात तर प्लॉट अर्ध्या एकराच्या आसपास. जोडघरं नाहीत, चाळवजा इमारती नाहीत, अपार्टमेंट नाहीत. गावाची जवळजवळ तीस टक्के जमीन उद्योगांसाठी राखून ठेवलेली होती आणि तिच्यातली बहुतेक रिकामी पडून होती. या नियमांत 'गरीब' हा शब्द कुठंच नाही. वंशाचा तर उल्लेखही नाही. पण एवढ्या जमिनीची आणि एवढ्या मोठ्या घराची किंमत जोडली, की कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे आपोआप ठरतं.

पुढं काही मोठ्या बिल्डरांना अपार्टमेंट बांधायची परवानगी मिळाली, तेव्हाच्या अटी तर चकित करणाऱ्या आहेत. एका बेडरूमच्या घरात शाळेत जाणाऱ्या वयाचं मूल राहता कामा नये. दोन बेडरूमच्या घरात अशी मुलं दोनच. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त मुलं शाळेत आली, तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरनं सोसायचा.

मुलांचं एवढं वावडं का? इथं अमेरिकन गावाचं अर्थकारण समजून घ्यावं लागतं. शाळा चालतात मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर. कारखाना भरपूर कर देतो आणि शाळेत एकही मूल पाठवत नाही. महागडं घर भरपूर कर देतं. स्वस्त घर थोडा कर देतं आणि त्यात दोन-तीन मुलं असतात. त्यामुळं गावाच्या हिशेबवहीत मूल खर्चाच्या बाजूला लिहिलं जातं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची कळ इथं आहे. माउंट लॉरेलचे सगळे लोक दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. प्रत्येक गाव आपापला कर वाचवत होतं, आणि सगळ्या गावांनी तेच केल्यावर गरिबाला राहायला सगळ्या प्रदेशात जागा उरली नाही.

1971 साली खटला दाखल झाला. 1975 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी. तेरा वर्षं आधी, 1962 साली, अशाच एका खटल्यात हॉल यांनी भिन्नमत नोंदवलं होतं. आता तो विचार साऱ्या न्यायालयाचा झाला. निकालाचा गाभा असा: झोनिंगचा अधिकार राज्यानं गावाला सर्वांच्या हितासाठी दिला आहे. 'सर्व' म्हणजे सध्या गावात घर असलेले तेवढेच नव्हेत, तर आजूबाजूच्या प्रदेशातले लोकही. म्हणून वाढत्या प्रत्येक गावानं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांच्या प्रादेशिक गरजेतला आपला वाटा उचललाच पाहिजे.

निकाल मोठा होता, पण गाव बधलं नाही. नियम बदलले असं दाखवून माउंट लॉरेलनं परवडणाऱ्या घरांसाठी तीन ठिकाणी मिळून 20 एकर जमीन दिली. गावाच्या एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी! प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. 1983 साली मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्झ यांच्या न्यायालयानं दुसरा, कडक निकाल दिला. गाव आपला वाटा उचलत नसेल आणि बिल्डर पुरेशी परवडणारी घरं देणार असेल, तर न्यायालय त्या बिल्डरला थेट बांधायला मुभा देईल. मग मात्र राज्याच्या विधिमंडळाला जाग आली आणि 1985 मध्ये कायदा झाला. त्यात एक पळवाट होती. श्रीमंत गावानं पैसे मोजून आपला अर्ध्यापर्यंतचा वाटा दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालायचा. ती बंद व्हायला 2008 साल उजाडावं लागलं.

एथेल लॉरेन्स 1994 साली वारल्या. तोपर्यंत एकही घर उभं राहिलेलं नव्हतं.

प्रत्यक्ष वसाहतीचा प्रस्ताव गावाच्या प्लॅनिंग बोर्डापुढं, म्हणजे बांधकामांना मंजुरी देणाऱ्या मंडळापुढं गेला, त्या सुनावण्यांना तोबा गर्दी झाली. गुन्हे वाढतील, घरांचे भाव पडतील, कर वाढतील, शाळांवर ताण येईल, असं एकामागून एक लोक उठून सांगत होते. 1997 मध्ये मंजुरी मिळाली. 2000 साली पहिली 100 घरं तयार झाली, नंतर आणखी 40, आणि वसाहतीला एथेल लॉरेन्स यांचंच नाव दिलं गेलं.

आणि त्या भाकितांचं काय झालं? प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. वसाहत होण्याआधीची आणि नंतरची आकडेवारी त्यांनी आसपासच्या तशाच गावांशी ताडून पाहिली. गुन्हे, घरांच्या किमती, कर यांतल्या कशावरही वसाहतीचा वाईट परिणाम आढळला नाही. शेजारच्या कित्येक रहिवाशांना तर आपल्या शेजारी परवडणाऱ्या घरांची वसाहत आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्या कुटुंबांना तिथं घर मिळालं, त्यांच्या मोठ्यांची कमाई सुधारली आणि मुलं अभ्यासाला जास्त वेळ देऊ लागली. ही तुलना अर्ज करूनही घर न मिळालेल्यांशी केलेली आहे, म्हणून ती मला विशेष मोलाची वाटते.

सुनावणी नकोच, असं मी म्हणत नाही. पावसाचं पाणी कुठं जाणार, मैलापाण्याची वाहिनी पुरेल का, अग्निशमनाचा बंब आत वळेल का, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. चुकीच्या जागी घर बांधलं तर त्याची झळ आधी तिथं राहणाऱ्या गरिबालाच बसते. पण या प्रश्नांना मोजमापानं उत्तर देता येतं. वाहतुकीची पाहणी करता येते, नाल्याची क्षमता काढता येते, त्रुटी असेल तर अट घालून मंजुरी देता येते. 'गावाचा बाज बदलेल' याला मोजपट्टी नाही. अशा हरकतीवर बोर्डानं निर्णय रेंगाळत ठेवला, की प्रत्येक तारखेबरोबर जमिनीवरचं व्याज वाढतं, बांधकाम महागतं, आणि परवडणारं घर मंजूर होईपर्यंत परवडेनासं होतं.

शिवाय त्या खोलीत बोलतं कोण? बॉस्टन विद्यापीठाच्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या 97 गावांच्या आणि शहरांच्या सुनावण्यांची इतिवृत्तं चाळली. बोलणारे गावाच्या सरासरीपेक्षा वयानं मोठे, बहुधा पुरुष, आणि स्वतःच्या मालकीचं घर असलेले निघाले. घरांच्या बाजूनं बोलणारे सुमारे 15 टक्केच. यात नवल नाही. जो अजून त्या गावात राहतच नाही, ज्याची रात्रपाळी आहे, ज्याला आपल्याला घर मिळणार की नाही हेही माहीत नाही, तो मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तिथं कसा पोचणार? म्हणूनच मॅसॅच्युसेट्सनं 1969 सालीच कायदा केला. ज्या गावात परवडणारी घरं 10 टक्क्यांहून कमी आहेत, तिथं नकार मिळाला तर राज्याच्या समितीकडे अपील करता येतं. दाद मागायला गावाबाहेर एक जागा असणं फार महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

न्यू जर्सीत 2024 साली नवा कायदा झाला. 2025 पासूनच्या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा वाटा त्यानुसार ठरवण्यात आला आणि गावांना जून 2025 पर्यंत आपले आराखडे द्यायला सांगितलं गेलं. काही गावं याविरुद्ध न्यायालयातही गेली. आराखडे झाले तरी प्रत्येक वसाहतीचा स्वतंत्र प्रस्ताव पुन्हा गावाच्या बोर्डापुढं येतो, त्याची सूचना निघते, आणि सुनावणी सर्वांना खुली असते. तुमचा भाचा, तुमची मावसबहीण तिथं राहत असेल, तर पुढच्या फोनवर त्यांना जरूर विचारा, की तुमच्या गावात असा प्रस्ताव आहे का, आणि त्याच्या बाजूनं बोलायला तुम्ही जाणार आहात का.

नमस्कार.