सर्वश्रेष्ठ फुटीपटू कोण? एका न संपणाऱ्या यादीची उलटतपासणी

[दृश्य: मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, हिवाळ्यातली दुपार. चार खांबांच्या दिशेनं जाणारा लंबगोल चेंडू.]

ली मॅथ्यूज. वेन केरी. थोरला गॅरी ॲब्लेट. टेड व्हिटन. रॉन बरासी. जॉन कोलमन. ग्रॅहम फार्मर.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, म्हणजे फुटीचा, आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा विषय निघाला की ही सात नावं येतातच. आणि या सातांपैकी एकालाही ब्राउनलो पदक मिळालेलं नाही. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला 1924 पासून दिलं जाणारं, या खेळातलं सगळ्यात मानाचं पदक. तेच यांच्याकडे नाही.

आपण एमसीजी ओळखतो ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. हिवाळ्यात तिथं फुटी खेळतात. मैदानावर एका संघाचे अठरा जण. मधल्या दोन खांबांमधून पायानं मारलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण; मधल्या आणि बाजूच्या खांबामधून गेला तर एक गुण. एवढं माहीत असलं की पुढचा वाद समजतो.

ब्राउनलोची मतं मैदानी पंच देतात. प्रत्येक सामन्यानंतर तिघांना तीन, दोन आणि एक. 1930 पर्यंत एका सामन्याला एकच मत होतं. 1976 आणि 1977 मध्ये दोन पंच वेगवेगळी मतं द्यायचे, म्हणून त्या दोन वर्षांचे आकडे फुगलेले दिसतात. 1977 मध्ये ग्रॅहम टीसडेलला 59 मतं पडली. 2024 मध्ये पॅट्रिक क्रिप्सला 45 पडली, आणि ती जास्त मोलाची आहेत, कारण तेव्हा एका सामन्याला मतांचा एकच संच होता. यादी करणारे ही गोष्ट सर्रास विसरतात.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. पंच चेंडूच्या मागे धावतो. त्यामुळे त्याला मिडफिल्डर सतत दिसतो. दूर टोकाला प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी फॉरवर्डला दोन तास गप्प बसवणारा बचावपटू दिसत नाही. फुल फॉरवर्डनं, म्हणजे थेट गोलसमोर खेळणाऱ्या आक्रमकानं, हे पदक जिंकल्याचं एकच उदाहरण आहे: 1987 मध्ये टोनी लॉकेट, तेही जॉन प्लॅटनबरोबर विभागून. शिवाय पदक ‘सर्वोत्तम आणि सभ्य’ खेळाडूसाठी आहे, निलंबन झालं की बाद. 1997 मध्ये क्रिस ग्रँटला सर्वाधिक 27 मतं होती. पदक 26 मतांच्या रॉबर्ट हार्वीला मिळालं.

म्हणून ब्राउनलो मोजून यादी करू नये. तीन-तीन ब्राउनलो फक्त चौघांकडे आहेत: हेडन बंटन, डिक रेनॉल्ड्स, बॉब स्किल्टन आणि इयन स्टुअर्ट. चौघेही थोर, पण चौघेही चेंडूजवळ खेळणारे.

[दृश्य: जुन्या गुणफलकांची छायाचित्रं.]

मग गोल मोजायचे का? लॉकेट 1360 गोल, 281 सामने. त्याच्याआधीचा विक्रमवीर गॉर्डन कोव्हेंट्री, 1299 गोल, 306 सामने. सरासरी काढली की चित्र बदलतं. पीटर हडसन 129 सामन्यांत 727, म्हणजे सामन्याला साडेपाचहून जास्त. जॉन कोलमन 98 सामन्यांत 537, जवळपास तेवढेच. कोलमननं 1949 मध्ये पदार्पणातच बारा गोल केले आणि 1954 मध्ये गुडघा गेला, तो पुन्हा कधी खेळला नाही.

पण सरासरीही फसवते. 1925 मध्ये एक नियम आला: चेंडू सीमेबाहेर गेला की ज्याचा शेवटचा स्पर्श, त्याच्याविरुद्ध फ्री किक. परिणाम असा की संघांनी कडेनं खेळणं सोडलं आणि चेंडू मैदानाच्या मधून, थेट गोलसमोरून येऊ लागला. फुल फॉरवर्डची चंगळ झाली. हा नियम 1938 च्या मोसमापर्यंत टिकला. बॉब प्रॅटचे 1934 मधले 150 गोल याच काळातले, आणि कोव्हेंट्रीची बरीचशी कारकीर्दही. कोलमन खेळला तो नियम गेल्यावर.

दुसऱ्या टोकाला आजचा काळ. 1980 च्या दशकात एक संघ सामन्याला सरासरी शंभराहून जास्त गुण करायचा. अलीकडे ऐंशीच्या आसपास. बचावाची जाळी दाट झाली. मोसमात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू लान्स फ्रँकलिन, 2008 मध्ये. त्यानंतर कोणीही नाही. फ्रँकलिनचे 354 सामन्यांत 1066 गोल, म्हणजे सामन्याला तीन, कागदावर हडसनच्या निम्मेच दिसतात.

यावर उपाय साधा आहे, आणि करून पाहण्यासारखा. खेळाडूची सामन्यामागची गोलसंख्या घ्या आणि त्या मोसमात लीगमधला एक संघ सरासरी किती गोल करत होता, त्या आकड्यानं भागा. समजा, एकानं सामन्याला पाच गोल केले आणि संघांची सरासरी पंधरा होती: एक तृतीयांश. दुसऱ्यानं चारच केले, पण सरासरी अकरा होती: तो थोडा पुढे आहे. हा भागाकार दरवर्षासाठी वेगळा करायचा. पूर्ण कारकिर्दीला एकच सरासरी लावली की 2020 सारखं वर्षही इतरांत मिसळून जातं. त्या वर्षी साथीमुळे क्वार्टर वीसऐवजी सोळा मिनिटांचे होते आणि बाद फेरीआधी प्रत्येक संघाचे सामने फक्त सतरा.

सामन्यांची संख्याही अशीच बेभरवशाची. कोलमनच्या वेळी मोसमात अठरा-एकोणीस फेऱ्या, 1968 पासून वीस, 1970 पासून बावीस. राखीव खेळाडू दोन, आणि त्यांच्यासाठी बाहेर गेलेला माणूस परत येऊ शकत नव्हता. खेळाडूंची ये-जा 1978 मध्ये सुरू झाली. आज बाकावर दम खाऊन परतता येतं, त्यामुळे कारकीर्द लांबते. पण वेगही वाढला, म्हणून आजचे 400 सामने स्वस्त आहेत असं म्हणण्याची घाई नको.

पदकांचंही वय पाहावं लागतं. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक 1979 पासूनचं. डस्टिन मार्टिननं ते तीनदा जिंकलं: 2017, 2019, 2020. तीनदा जिंकणारा तो एकटाच, आणि हा त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. पण मॅथ्यूजनं 1971, 1976 आणि 1978 ची विजेतेपदं मिळवली तेव्हा हे पदकच नव्हतं. किती वेळा चेंडू हाताळून पुढे पाठवला याच्या अधिकृत नोंदी 1965 पासून, टॅकलच्या 1987 पासून. बंटनच्या बाबतीत हाती उरतात सामने, गोल आणि मतं. विजेतेपदं मोजावीत तर स्किल्टन मार खातो: साउथ मेलबर्नसाठी 237 सामने, आणि त्यात मोसमअखेरच्या बाद फेरीतला फक्त एक, 1970 मधला.

[दृश्य: पर्थ आणि ॲडलेडची मैदानं.]

आता या वादातला सगळ्यात मोठा अन्याय. 1980 च्या दशकापर्यंत राष्ट्रीय लीग नव्हती. होती ती व्हिक्टोरियाची व्हीएफएल; 1990 मध्ये तिचंच नाव एएफएल झालं. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीग तिच्याहून जुन्या, आणि अनेक खेळाडू घर सोडून मेलबर्नला गेलेच नाहीत. बॅरी रोब्रननं नॉर्थ ॲडलेडकडून तीन मॅगरी पदकं, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगची ब्राउनलोसारखी पदकं, जिंकली, व्हीएफएलचा एकही सामना न खेळता. रसेल एबर्टकडे चार मॅगरी पदकं. व्हिक्टोरियात तो फक्त 1979 चा एक मोसम खेळला. 1996 मध्ये निवडलेल्या शतकाच्या संघासाठी व्हीएफएल-एएफएलची कामगिरीच धरली गेली, तेव्हा असे लोक दारातच अडले.

फार्मरचं उदाहरण घ्या. ईस्ट पर्थ 176 सामने, जिलाँग 101, वेस्ट पर्थ 79. फक्त मधला आकडा मोजला तर एका थोर रकमनचं, म्हणजे खेळ सुरू होताना उंच उडी मारून चेंडू साथीदारांकडे ढकलणाऱ्याचं, वजन तिसऱ्या हिश्शाहूनही खाली येतं. आणि त्याची खरी देणगी कोणत्याच तक्त्यात नाही. त्याच्याआधी हँडबॉल, म्हणजे एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या मुठीनं मारणं, हा मुख्यतः अडचणीतून सुटण्याचा मार्ग होता. फार्मरनं त्याचं आक्रमणाचं हत्यार केलं: हवेत चेंडू पकडायचा आणि धावत्या साथीदाराच्या पुढ्यात लांबवर टाकायचा.

शतकाच्या संघात आणखी एक गंमत आहे. जॉन निकोल्स हा रकमन, पण रकची जागा फार्मरला गेली. म्हणून निकोल्सला बॅक पॉकेटमध्ये, बचावाच्या कोपऱ्यात, उभं केलं. बंटन फॉरवर्ड पॉकेटला, रेनॉल्ड्स हाफ फॉरवर्डला. म्हणजे गुणवत्तेनं आधी माणसं निवडली आणि जागा नंतर शोधल्या. एका ताठ मापाच्या संघात हे होणारच, पण मग त्याच संघातल्या बचावपटूंना ‘त्या जागेवरचा शतकातला सर्वोत्तम’ म्हणायचं कसं?

मग पहिला कोण? 2008 मध्ये पत्रकार माइक शीहननं आपल्या पन्नास जणांच्या यादीत केरीला पहिलं स्थान दिलं, आणि ते समजण्यासारखं आहे. सेंटर हाफ फॉरवर्ड ही मैदानावरची सगळ्यात कठीण जागा. चेंडू उंचावरून येतो, अंगावर दोघं-तिघं असतात आणि मार्क, म्हणजे हवेत पकडायचा चेंडू, सुटला की प्रतिहल्ला तिथूनच होतो. त्या जागेवर 727 गोल आणि कर्णधार म्हणून 1996 व 1999 ची विजेतेपदं. शिखराचा विचार केला तर केरी किंवा ॲब्लेट. 1989 च्या अंतिम सामन्यात ॲब्लेटनं नऊ गोल केले आणि तरी जिलाँग सहा गुणांनी हरलं. एका दिवसाची सर्वोत्तम कामगिरी विचारलीत तर उत्तर तिथेच थांबतं.

आमचं मत मॅथ्यूजला. तो रोव्हर, उंची 178 सेंटीमीटर, काम रकमनच्या पायाशी चेंडू मिळवायचं. तरी 332 सामन्यांत 915 गोल, सामन्याला पावणेतीन. फ्रँकलिनसारखा पूर्णवेळ फॉरवर्ड तीनवर आहे. हॉथॉर्नचं वार्षिक सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक आठ वेळा, विजेतेपदं चार. त्याच्याविरुद्धचा मुद्दा लपवण्यासारखा नाही: 1985 मध्ये जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा त्यानं फोडला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि लीगनं त्याची नोंदणी चार आठवडे रद्द केली. सभ्यता हा निकष ठेवलात तर तो खाली घसरतो आणि स्किल्टन वर चढतो. ठेवला नाहीत तर मॅथ्यूज पहिला, फार्मर दुसरा, केरी तिसरा. आणि 98 सामन्यांच्या कोलमनला चौथा ठेवायचा की दहावा, हे तुम्ही शिखर मोजता की लांबी यावर ठरेल; आम्ही चौथा ठेवतो.