फौजदाराची लेक हरवते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

तपास करणाऱ्या पोलिसाचंच मूल कुणीतरी पळवून नेतं, या कथानकावर जगभर थरारकथा लिहिल्या गेल्या आहेत. आज अशाच एका कथेबद्दल बोलणार आहे. ती अजून कुणी लिहिलेली नाही, पण कोल्हापुरात घडणारी अशी एक कादंबरी मला मनापासून हवी आहे.

डोळ्यांसमोर आणा. चैत्री पौर्णिमा, जोतिबाचा डोंगर. सासनकाठ्या नाचताहेत, ‘चांगभलं’चा गजर चाललाय, गुलालाशिवाय काही दिसत नाही. गुन्हे शाखेतला एक फौजदार बंदोबस्ताला आहे. बायको आणि सात वर्षांची लेक दर्शनाला आल्यात, आणि रेटारेटीत लेकीचा हात सुटतो. लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो: निळा फ्रॉक, दोन वेण्या. पण त्या फ्रॉकचा निळा रंग आता उरलाय कुठं? कॅमेऱ्यात बघावं तर सगळा डोंगरच गुलाबी. पोलिसांनी आयुष्यभर ज्या वर्णनावर भरवसा ठेवला, ते वर्णनच पुसून गेलंय.

इथं गोष्ट पकड घेते, आणि ती गुन्हेगारामुळे नव्हे. या बापाला फार माहीत आहे. डोंगर उतरून गाडी महामार्गाला लागली की कागलच्या पुढं कर्नाटक, तासाभरात निपाणी. पश्चिमेला वळली तर गगनबावड्याचा घाट आणि खाली कोकण. पहिले काही तास गेले की शोधाचं वर्तुळ किती फुगतं, हे त्यानं कितीतरी आईबापांपासून लपवलेलं आहे. त्यांना तो ‘धीर धरा’ म्हणायचा. आता तेच त्याला कुणीतरी सांगतंय.

अशा कथांत पुढं बहुतेकदा नायक पिस्तूल घेऊन एकटाच निघतो. मला तिथं गोष्ट सैल पडल्यासारखी वाटते. खऱ्या पोलीस ठाण्यात तो फिर्यादी होतो आणि तपास दुसऱ्याकडे जातो. त्यानंच शिकवलेला हवालदार समोर बसून त्याचा जबाब घेतो: “पोरगी शेवटची कुठं बघितलीसा, साहेब? घरात काही वाद झालेला का?” हे प्रश्न त्याचेच आहेत. बाकावर बसून ते ऐकणारा बाप मला कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त हलवतो.

खंडणीचा फोन येईल, टॉवर लोकेशन काढलं जाईल, ते सगळं येऊ द्या. खंडणीसाठी अपहरणाचं स्वतंत्र कलम, ३६४ अ, १९९३ साली दंडसंहितेत आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १४० (२) आहे, आणि शिक्षा फाशीपर्यंत. लेखकानं एवढं नीट माहीत करून घ्यावं, म्हणजे झालं.

पण कोल्हापूरच्या वाचकाला फोनपेक्षा दुसरंच काहीतरी आठवणार. १९९६ साली उघडकीस आलेलं लहान मुलांच्या अपहरणांचं आणि खुनांचं प्रकरण या शहरानं पचवलेलं नाही. गर्दीत चोरी करताना ढाल म्हणून मुलं वापरायची, आणि उपयोग संपला की मारून टाकायची. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढं दयेच्या अर्जावर निर्णयाला झालेल्या विलंबामुळे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. खटल्यात सगळ्यांत मोलाची ठरली ती माफीच्या साक्षीदाराची साक्ष, म्हणजे टोळीतल्याच माणसाची. त्या मुलांसाठी कुणी खंडणी मागितली नव्हती, आणि त्यांतली कितीतरी पोरं गोरगरिबांची होती. त्यांच्यासाठी नाकाबंदी कोण करणार?

म्हणून माझ्या मनातल्या कादंबरीचा कणा हा आहे. फौजदाराच्या लेकीसाठी जिल्ह्याच्या सीमा बंद होतात. आणि त्याच रात्री त्याला स्वतःच्या कपाटातलं एक जुनं प्रकरण आठवतं: रंकाळ्यावर फुगे विकणाऱ्या बाईचा मुलगा. नोंद नुसती ‘हरवला’ म्हणून. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल झालाच पाहिजे, अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू व्हायला हवा. फुगेवालीच्या मुलाची नोंद या आदेशाच्या आधीची. त्या बाईनं तेव्हा सांगितलेला एक बारीक तपशील, मुलाशी गोड बोलणारी एक अनोळखी बाई, त्यानं लिहूनच घेतला नव्हता. आज जोतिबावर त्याच्या लेकीजवळ उभी असलेली बाई तीच.

इथून त्याचा शोध एका मुलीचा राहत नाही. त्याला फुगेवालीला शोधावं लागतं, तिच्या दारात उभं राहून पुन्हा विचारावं लागतं, आणि तिनं का सांगावं याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. हे प्रकरण लेखकानं घाई न करता लिहावं. ती आधी बोलणारच नाही. मग विचारेल, “माझ्या पोराच्या येळंला कुठं होतासा?”

आणि लेकीलाही पानं द्या. कोंडलेल्या खोलीत ती काय मोजते, काय लक्षात ठेवते, कुणाशी बोलते, हे तिच्याच नजरेतून यावं. मूल म्हणजे बापाला पळवण्यासाठी टांगलेलं आमिष नव्हे. ती सापडेल तेव्हा तिच्यासोबत आणखी एक पोर असावं, ज्याच्यासाठी कुणी तक्रारच दिलेली नाही. त्याला कायद्यानं चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. लेक आईच्या कुशीत गेल्यावर फौजदारानं घरी जाऊ नये. त्या दुसऱ्या पोराशेजारी बसून त्यानं त्याचं नाव, त्याचं गाव आणि त्याला आठवेल तो प्रत्येक तपशील या वेळी लिहून घ्यावा.