फाल्गुनातला सातारा, सायकलवरून

[दृश्य: पहाट. राजवाड्यासमोरची गोलबाग. सायकलस्वार टायरची हवा बघताहेत.]

साताऱ्याला फुलं बघायला लोक सप्टेंबरात येतात. कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, ऑनलाइन तिकीट, शिट्ट्या मारणारे गावकरी, सगळं साग्रसंगीत. मार्चमध्ये इकडं कुणी फिरकत नाही. डोंगर पिवळे पडलेले, मधूनमधून वणव्यानं काळे झालेले. गाडीच्या काचेतून बघितलं तर सगळं संपल्यासारखंच दिसतं.

सायकलवर मात्र चढाला माणूस चालण्याच्या वेगानं जातो. मग काळ्या पडलेल्या उतारावर एकही पान नसलेला पांगारा लालभडक फुललेला दिसतो, आणि करवंदीच्या जाळीचा वास वळणाच्या आधीच नाकाशी येतो. आमच्या मते साताऱ्याच्या रस्त्यांवर सायकल घालायचा खरा हंगाम होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा. एकच अट आहे. साडेदहा-अकराच्या आत परत यायचं आणि वाटेत पाणी कुठं आहे ते आधी ठाऊक हवं.

पाण्याचा विचार साताऱ्याला नवा नाही. १२ जानेवारी १७०८ रोजी शिवरायांचे नातू शाहू महाराज यांचा इथं राज्याभिषेक झाला. पुढं किल्ल्यावरची राजधानी खाली उतरली आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वसलं. डोंगराच्या उतरणीवर शहर वसवायचं म्हणजे पाणी वरून आणावं लागणार. ते यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलं गेलं. पुढं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी रस्ते आणि हौद यांत लक्ष घातलं. आजही कुठल्याही दिशेनं बाहेर पडा, घाट, विहीर नाहीतर तलाव लागतोच.

[दृश्य: पोवई नाक्यावरून पूर्वेकडं उतरणारा रस्ता.]

साताऱ्यात दिशा पायांना कळते. पश्चिमेला निघालात तर चढ, पूर्वेला निघालात तर उतार. नवख्या माणसानं पूर्वेला निघावं. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरच्या बोगद्यात सायकल घालू नये, वरूनच जावं. पुढं महामार्ग ओलांडला की पाचेक किलोमीटरवर माहुली.

इथं वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडं संगम माहुली, पलीकडं क्षेत्र माहुली, आणि दोन्ही काठांवर काळ्या दगडातली देवळं. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे इथलेच. नदी आटली की पात्रातल्या समाध्या नीट दिसतात, म्हणूनही हे दिवस चांगले. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी इथं दाखवतात. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. घाटावरच्या पिंपळाला याच सुमारास तांबूस पालवी फुटते. सकाळचं तिरपं ऊन त्या पानांतून आरपार येतं, तेव्हा कॅमेरा बाहेर काढायला हरकत नाही.

[दृश्य: उसानं भरलेली दुहेरी ट्रॉली, मागून सायकल.]

माहुलीहून मागं येऊन महामार्गाचा सेवारस्ता धरायचा, नागेवाडी फाट्यावरून आत वळायचं आणि लिंबला जायचं. हा पट्टा सपाट आणि सोपा आहे, धोका आहे तो उसाच्या ट्रॉल्यांचा. मार्चमध्ये तोडणी उरकत आलेली असते आणि कारखाना बंद व्हायच्या आत माल पोचवायची घाई असते. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर ऊस लोंबतोय, मागं दिवा असेलच असं नाही. ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नये. थांबावं, रस पिऊन घ्यावा.

लिंबमधली बारामोटेची विहीर रस्त्यावरून दिसत नाही. सायकल झाडाला टेकवून चार पावलं चालावं लागतं, आणि मग एकदम पायाखालची जमीन उघडते. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ही बांधवली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिला आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. एका वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव.

[दृश्य: विहिरीचा जिना, कमान, आतला महाल. निवेदन सावकाश.]

जिना उतरताना दर दहा पायऱ्यांगणिक हवा गार होत जाते. विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. खांबांवर हनुमान, गणपती, फुलं, घोडेस्वार कोरलेले. मोटेच्या जागी दगडाची कड हाताला गुळगुळीत लागते. काठावर बैल मागं-पुढं चालायचे, चामड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. आणि ही एवढी खटपट आमराईसाठी होती. या पाण्यावर हजारो आंब्यांची बाग पोसली जायची असं सांगतात. आज आसपास ऊसच ऊस. तरी बांधावरच्या एखाद्या जुन्या आंब्याखाली या दिवसांत झडलेल्या मोहराचा सडा आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या सापडतात.

पायांत दम असेल तर इथून वाईकडं जाता येतं. पण रंगपंचमीला नाही. त्या दिवशी बावधनच्या भैरवनाथाचं बगाड असतं. दगडी चाकांचा तो गाडा बैलांच्या जोड्या लावून कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत ओढून नेतात. सगळा मुलूख रस्त्यावर लोटतो. बगाड बघायचं तर एसटीनं जावं.

[दृश्य: बोगदा. आतून बाहेर पडणारी सायकल, पलीकडं परळीचं खोरं.]

दुसरा रस्ता दक्षिणेचा. समर्थ मंदिरापाशी चढ संपतो आणि डोंगराच्या पोटातून काढलेला ब्रिटिशकालीन बोगदा लागतो. साताऱ्यात याला नुसतं ‘बोगदा’ म्हणतात, पुढं-मागं काही लावत नाहीत. आत दिवा लावून जावं. बाहेर पडलात की अजिंक्यतारा पाठीशी जातो आणि समोर उरमोडीचं खोरं. याच किल्ल्याला १६९९च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेबानं वेढा घातला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिलपर्यंत लढवला.

गजवडी फाट्यापर्यंत रस्ता चढ-उताराचा, पण अंगावर येणारा नाही. काटेसावर बघायची ती इथं. झाड उंच, खोडावर काटे, फांद्यांना पान नाही, आणि तळहाताएवढी जाडजूड लाल फुलं. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, सगळे एकाच झाडावर. खाली थांबलात तर फूल धप्पकन पडतं. उचलून बघा, पाकळी मांसल असते आणि तळाशी मध साचलेला असतो. एखाद्या घरासमोरून मावशी विचारतात, “कुठनं आलायसा? पाणी पिऊन जावा की.” थांबावं. माठातलं पाणी बाटलीतल्या पाण्यापेक्षा कधीही बरं.

फाट्यानंतर सज्जनगडाचा घाट. सगळ्यात खालच्या गिअरवर टाकायचं आणि वर बघायचं नाही. वाहनतळावर सायकल ठेवून पायऱ्या चढायच्या. १६८२ साली समर्थ रामदासांनी इथं देह ठेवला. समाधीचं दर्शन घ्यावं, वेळ जमली तर प्रसादाला बसावं, आणि गडावरच्या तळ्यांकडं जरूर जावं. वाऱ्याशिवाय काही नसलेल्या या डोंगरमाथ्यावर मठ उभा राहिला तो या तळ्यांच्या जिवावर. खाली उरमोडी धरणाचं पाणी निळं दिसतं, कडेनं उघडी पडलेली तांबडी माती.

[दृश्य: यवतेश्वर घाट, वळणांमागून वळणं.]

आता कास. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि चढ सुमारे ५०० मीटरचा. त्यातला कठीण भाग सुरुवातीलाच, यवतेश्वर घाटात. सातारा हिल मॅरेथॉन धावणाऱ्यांना हा घाट पाठ असतो, सायकलवाल्यांनाही व्हायला वेळ लागत नाही. शहरातून सकाळी सहाला निघालं तर घाट सावलीत उरकतो.

माथ्यावर पोचलं की पेट्रीपर्यंत श्वास घ्यायला उसंत मिळते. दोन्ही बाजूंना करवंदीची पांढरी फुलं. आणि इथं एक झाड शोधायचं, अंजनी. बुटकं, गर्द हिरवं, एरवी लक्षही जाणार नाही असं. या दिवसांत त्याच्या फांद्यांनाच निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लगडतात, देठ जवळजवळ नाहीच. सायकलवरून उतरून नाक लावावं इतकं ते रस्त्याच्या जवळ असतं.

पठार मात्र उघडं. नुसता कातळ, भेगांत वाळलेलं गवत. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं ते हेच पठार, असं सांगितलं तर पाहुणा तोंडाकडं बघतो. पण पावसाळ्यातली सगळी फुलं आत्ता इथंच आहेत, बियांत आणि कंदांत, बोटभर मातीखाली. म्हणून मोकळं दिसलं तरी सायकल आत घालायची नाही.

पुढं कास तलाव. इथलं पाणी पंप न लावता, नुसत्या उतारानं साताऱ्यात पोचतं. अलीकडं धरणाची उंची वाढवल्यामुळं साठाही वाढला आहे. काठावर जांभळीची सावली आहे, डबा इथं सोडावा.

तलावापासून एक रस्ता खाली बामणोलीला उतरतो, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी. उतार झकास आहे आणि जायचा मोह होतोच. पण जेवढं उतराल तेवढंच भर उन्हात चढून यावं लागेल. मुक्कामाला राहणार असाल तर खुशाल जावा. नाहीतर ब्रेक एकदा दाबून बघा आणि साताऱ्याकडं वळा. यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर खडी आलेली असते.