आधी रोजनामा बघा

[दृश्य: तालुक्याचं कोर्ट, सकाळचे अकरा]

धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा दावा, चार वर्षं जुना. वकिलांचं उत्तर ठरलेलं : "पुढची पेशी लागली, तुम्ही कशाला येता?" कापूस वेचणीच्या दिवसांत हे सोयीचंच वाटतं.

पेशी लांबली म्हणजे वकीलच चुकला असं नाही. कधी समन्स बजावलेलं नसतं, कधी न्यायाधीश रजेवर असतात. खरं काय ते रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीत असतं. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सोळा अक्षर-अंकांचा, महाराष्ट्रात 'एमएच'नं सुरू होणारा सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक टाका. नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा. मग नक्कल विभागातून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. पक्षकार ती स्वतः मागू शकतो.

[दृश्य: रोजनाम्याचं पान]

"वादी व वकील गैरहजर." ही नोंद दोन-तीनदा दिसली की सावध व्हा. दावा गैरहजेरीत काढून टाकला असेल, तर भांडण नंतर. आधी तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज. मुदत हुकमापासून 30 दिवस. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करण्याच्या अर्जालाही 30 दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल, तर माहिती झाल्यापासून. मुदत उलटली, तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये म्हटलं खरं, पण "त्या काळात तुम्ही काय केलं?" हा प्रश्न येतोच. तेव्हा व्हॉट्सॲपचे मेसेज आणि फीच्या पावत्या उपयोगी पडतात. पावती कुणी मागत नाही, तिथंच अडतं.

वकील बदलायचा तर जुन्या वकिलांची नाहरकत घ्या. देत नसतील तर कोर्टाची परवानगी मागा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच स्पष्ट केलंय. पैसा नसेल तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना तिथं उत्पन्नाची अट नाही.

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2024 च्या निकालानं बंद झाला. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खाली होते. तिथं ताकीद, निलंबन, फार तर सनद रद्द होते. दावा मात्र तालुक्याच्या कोर्टातच पुन्हा उभा करावा लागतो, आणि ते 30 दिवस तक्रारीसाठी थांबत नाहीत.