नाताळचा अनारसा का हसतो?

(नंदुरबार येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘नाताळातल्या घरगुती परंपरा’. फराळ, चांदणी म्हणजे ताऱ्याचा आकाशकंदील, आणि गाणी, तिन्हींवर बोलायचंय. सुरुवात अनारशापासून, कारण आपल्याकडे नाताळचा फराळ बिघडतो तो तिथंच.

दिवाळीत शेजारून ताट येतं, नाताळात ते भरून परत जातं. त्यात बेकरीचा केक ठेवला तर कुणी काही बोलत नाही. अनारसा ठेवला, की शेजारच्या काकू त्याची जाळी निरखून बघतात. ही तपासणी बंद पडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. (हशा) हसताय खरं, पण कढईत अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की घरात कुणी हसत नाही.

दिवाळीला जमलेला अनारसा डिसेंबरात फसतो तो थंडीमुळे. तांदूळ नीट आंबत नाही, गूळ लवकर सुटत नाही, आणि आपण दिवस मात्र दिवाळीचेच मोजतो. म्हणून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांवर हिशेब बांधा. दुसरा रविवार ४ ते १० डिसेंबरमध्ये येतो. त्या संध्याकाळी एक किलो जुना, जाड तांदूळ भिजत घाला. नवा तांदूळ चिकट होतो, तो नको. बासमती तर नकोच. पाहुण्यांना कळत नाही आणि पीठ बिघडतं. पाणी रोज बदला. दिवाळीत तीन दिवस पुरतात, आता चार धरा. पातेलं रात्री चुलीजवळ किंवा गोधडीत ठेवा.

गुरुवारी तांदूळ निथळून सुती कापडावर, सावलीत पसरा. हाताला ओलसर लागेल पण मुठीत पाणी येणार नाही, तेव्हा उचला. उन्हात घातला की संपलं, अनारसा दगड होतो. बारीक दळून मैद्याच्या चाळणीनं चाळा. आता पीठ वजन करा, डोळ्यांवर विश्वास नको. एक किलो पिठाला पाऊण किलो किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. मळण्याआधी दोन मुठी कोरडं पीठ बाजूला काढा, ते पुढं लागतं. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात आठ दिवस ठेवा. चौथ्या रविवारच्या आदल्या शनिवारी तळण.

आधी एकच तळून बघा. खसखशीवर थापायचा, खसखस वर ठेवून मध्यम तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. विरघळून पसरला तर गूळ किंवा ओल जास्त. राखलेलं पीठ थोडं मळून घाला. तूप थंड असलं तरीही पसरतो, म्हणून आधी आच तपासा. कडक झाला तर पीठ कोरडं. चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा तुकडा मळा. जळगावच्या केळ्याला फराळात एवढाच मान. (हशा) तळलेले चाळणीत उभे ठेवा. आडवे रचले की खालचे तूप पितात.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. केळ्यापायी चांदणी राहिली!

चांदणीला तीन फुटी दहा बांबूच्या कामट्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधा, पाचही टोकं एकमेकांना जोडा, आतल्या फुल्यांवर सहा इंची पाच आडव्या काड्या घाला, म्हणजे पोट फुगतं. पतंगाचा कागद लावा. आत एलईडी बल्बच. जुना साठ वॅटचा कागद करपवतो. मागची एक खिडकी मोकळी सोडा, नाहीतर बल्ब बदलताना अख्खी चांदणी फाटते.

गाण्यांबद्दल थोडक्यात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांची मराठी भजनं आजही उपासनेत पेटी-तबल्यावर म्हणतात. आपल्या खानदेशातल्या धरणगावात जन्मलेले बालकवी याच टिळकांच्या घरी राहिले होते, म्हणजे नातं आपलंही आहे. नवापूरकडं मावची या आदिवासी बोलीत गातात. तुमच्या घरात अहिराणी चालत असेल तर अहिराणीतही गा, देवाला कळतं.

रात्री गाणारी मंडळी दारात येते, तेव्हा चहाबरोबर अनारसा द्या, पण गाणं झाल्यावर. तूप-गुळानं घसा चिकटतो आणि पुढच्या घरी सूर लागत नाही.