कोणाला सांगितलं आणि कधी सांगितलं

नमस्कार श्रोतेहो.

लॉ कॉलेजातली मुलं सध्या भेटली की बोलणं फिरून फिरून इंटर्नशिपवर येतं. कुठे अर्ज टाकलास, उत्तर आलं का, कोणाची ओळख आहे का. आणि ज्यांचं लक्ष इंग्लंडकडे आहे त्यांच्या तोंडी आणखी एक नाव असतं, एसजेटी. सिच्युएशनल जजमेंट टेस्ट, म्हणजे प्रसंग देऊन तुम्ही काय कराल ते बघणारी परीक्षा. मी लंडनमध्ये सॉलिसिटर होते तेव्हा दर उन्हाळ्यात ही मुलं आमच्या ऑफिसात यायची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. म्हणून आज त्या परीक्षेबद्दल बोलते.

आपल्याकडचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. जाता जाता सांगते, मे महिन्यात चर्चगेटला काळा कोट घालून उतरणाऱ्या पोरांची मला फार दया येते. उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत वकिलांनासुद्धा काळ्या कोटाची सक्ती नाही, तसा नियमच आहे. तरी कोट उतरवायला कोणी तयार नाही. घामाने निथळेल, पण कोट घालेल. असो.

इंग्लंडात लॉ फर्ममधल्या अशा इंटर्नशिपला व्हेकेशन स्कीम म्हणतात. एखाद्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांपर्यंत, आणि मोठ्या फर्म दर आठवड्याला पैसे देतात. आपल्याकडे महिनाभर राबवून वर चहा पाजल्याचे उपकार सांगणारी ऑफिसं आहेत, त्यांनी हे जरूर ऐकावं. अर्ज साधारण सप्टेंबरात उघडतात आणि बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. काही फर्म अर्ज येतील तसे वाचत जातात, तिथे शेवटच्या दिवसाची वाट पाहणारा मागे पडतो. स्कीममधून पुढे अनेकांना ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळतं, म्हणजे सॉलिसिटर होण्याआधीची शिकाऊ नोकरी, दोन वर्षांची. थोडक्यात, त्या दोन-तीन आठवड्यांत नोकरीचीच पारख चाललेली असते.

आता परीक्षा. अर्ज भरला की बहुतेक वेळा ऑनलाइन चाचणी येते. एक असते वॉटसन ग्लेझर, ती तर्काची. उताऱ्यात जेवढं दिलंय तेवढंच धरायचं, स्वतःची हुशारी पदरची घालायची नाही. तिच्याबद्दल इतकंच पुरे, कारण सराव केला की ती जमते. दुसरी एसजेटी. हिच्यात एक प्रसंग देतात. समजा दुपारचे साडेचार वाजलेत, एका पार्टनरने, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाने, उद्या सकाळपर्यंतचं काम दिलंय, तेवढ्यात दुसरी पार्टनर येऊन म्हणते, हे आज संध्याकाळपर्यंत हवंय. खाली चार-पाच पर्याय. रात्रभर जागून दोन्ही करणं. दुसरीला नाही म्हणणं. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना देऊन आधी काय करू हे विचारणं. शेजारच्या ट्रेनीच्या गळ्यात काम मारणं. यातला सगळ्यात योग्य कुठला आणि सगळ्यात अयोग्य कुठला ते निवडायचं, किंवा सगळ्यांना क्रम लावायचा. उत्तरं ताडून बघायला अनुभवी लोकांकडून आधी एक किल्ली तयार करून घेतलेली असते.

आपली मुलं इथे कुठे फसतात सांगू? ती रात्रभर जागायला निघतात. आपल्याकडे तेच कौतुकाचं. मोठ्या माणसाला कशाला त्रास द्या, आपलं आपण निस्तरावं. पण परीक्षा घेणारा सोसणारा माणूस शोधत नसतो. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. कोणाला सांगितलं आणि कधी सांगितलं. पुन्हा सांगते, कोणाला सांगितलं आणि कधी सांगितलं.

यावर मला एक प्रसंग सांगायचाच आहे. माझ्या घरच्यांना तो तोंडपाठ झालाय, पण तुम्ही ऐकलेला नाही.

जुलै महिना होता. आमचं ऑफिस चॅन्सरी लेनच्या जवळ. त्या वर्षीच्या स्कीमवर इचलकरंजीची एक मुलगी आली होती. वडिलांचं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, काकांचे यंत्रमाग, आणि हिने कर्ज काढून एलएलबीला इंग्लंड गाठलेलं. तिकडे पार्टनरलासुद्धा पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत. हिच्या जिभेवर ते काही येईना. मला चारचौघांत नावाने हाक मारायची आणि जिन्यात गाठ पडली की "ताई". पार्टनरला तर ती हाकच मारायची नाही. त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची, त्यांनी मान वर करेपर्यंत.

खटला एका गोदामाचा होता. छप्पर गळलं, माल भिजला, नुकसान कोणी सोसायचं, मालकाने की भाडेकरूने. आम्ही भाडेकरूचे वकील. कोर्टासाठी कागदांचं बंडल बांधायचं काम इंटर्नकडे असायचं. तारीखवार कागद, प्रत्येक पानाला नंबर, पुढे अनुक्रमणिका, आणि एक पान इकडचं तिकडे झालं तर जज सगळ्यांसमोर विचारणार. प्रकरणाचा एक सामायिक इनबॉक्स होता. त्यात समोरच्या वकिलांच्या ऑफिसातून मेल आली, सोबत कागदांची ही एवढी शेपटी. मी तिला म्हटलं, सगळं प्रिंट कर आणि लावून ठेव.

ती बसली. एकेक फाइल प्रिंटला सोडायची, उघडून तारीख बघायची, यादीत लिहायची. मधलीच एक सोडली, उघडली, तर ते समोरच्या वकिलांनी स्वतःच्या अशिलाला लिहिलेलं पत्र. पहिलंच वाक्य सुरू होत होतं, "तडजोडीच्या आकड्याबद्दल तुम्ही जे विचारलं होतं त्याबाबत," आणि मग स्वल्पविराम. पुढे आकडा असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणजे गोदामाचा मालक शेवटी किती द्यायला तयार होईल ते. आमच्या अशिलासाठी तर लॉटरीच.

तिने फाइल बंद केली. पण ती प्रिंटला आधीच गेलेली. आणि प्रिंटर कॉरिडॉरच्या पार टोकाला, कॉफीच्या मशीनशेजारी. पोरगी अशी धावली की लोकांनी माना वळवून बघितलं. तिथे स्कीमवरचाच दुसरा मुलगा उभा, स्वतःचे कागद शोधत होता, आणि वरची पानं त्याच्या हातात. तिने ती काढून घेतली, मजकूर आतल्या बाजूला करून छातीशी धरली, आणि दुसऱ्या हाताने प्रिंटरचं लाल बटण दाबलं. तो हसून म्हणाला, काय एवढं आहे त्यात? ही म्हणाली, "माझी पानं आहेत." बस्स.

तशीच ती माझ्याकडे आली. आणि मी नेमकी फोनवर, स्पीकर चालू, पलीकडे आमचा अशील, तो भाडेकरू स्वतः! बोलायची सोय नाही. तिने माझ्या टेबलावरची पिवळी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: "चुकून आलेलं पत्र आहे. पुढे वाचलेलं नाही. तुम्ही पण मेल उघडू नका."

"तुम्ही पण उघडू नका." स्कीमवर आलेली मुलगी, आणि मला सांगतेय काय करू नका ते! मी फोन आटोपला. पानं पालथीच ठेवून आम्ही दोघी पार्टनरकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वाचलंस?"

ती म्हणाली, "पत्ता, नाव आणि पहिलं वाक्य. वाक्य पूर्ण नाही. स्वल्पविरामापर्यंत."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या स्वल्पविरामापर्यंत?"

"पहिल्या."

त्यानंतर आमच्या ऑफिसात ती म्हणच पडली. फाइल वाचलीस का रे? हो, पहिल्या स्वल्पविरामापर्यंत!

पार्टनरांनी तिथूनच समोरच्या वकिलांना फोन लावला. पलीकडे काही क्षण नुसती शांतता, मग एक लांब सुस्कारा. पानं पाकिटात घालून पाकीट बंद केलं, मेल कोणाला दिसणार नाही अशी व्यवस्था केली, आणि तिला टिपण लिहायला बसवलं, किती वाजता काय केलं, कोणाच्या हातात पानं होती, त्या मुलाने काय बघितलं असेल. इंग्लंडच्या दिवाणी प्रक्रिया नियमांत 31.20 हा नियम आहे. गोपनीय कागद समोरच्याच्या चुकीने बघायला मिळाला, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. तुम्ही म्हणाल, पण अशिलाला तरी सांगायला नको का? एरवी सांगायलाच हवं, प्रकरणातली महत्त्वाची माहिती अशिलापासून लपवायची नाही हे सॉलिसिटरांच्या आचारसंहितेतच आहे. पण तिथेच अपवादही आहे, चुकून हाती पडलेल्या गोपनीय कागदाचा. म्हणून तिने फोन चालू असताना तोंड उघडलं नाही हे फार मोठं. आणि हे काही इंग्लंडपुरतं नाही. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं आपल्याकडे पुरावा कायद्याच्या 126 व्या कलमात जपलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 व्या कलमात आलंय, आणि वकिलाच्या कारकुनांना आणि नोकरांनाही ते लागू आहे. लोकलमध्ये फोनवर अशिलाची नावं घेऊन बोलणाऱ्यांनी घरी गेल्यावर ते कलम एकदा वाचावं.

गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, एका फर्मने मला एसजेटीतच काढलं होतं. तिथे असाच प्रश्न होता. प्रिंटरवर दुसऱ्या टीमचा गोपनीय कागद सापडला तर काय कराल."

"मग काय निवडलंस?"

"गुपचूप जागेवर ठेवून देईन, कोणाला काही बोलणार नाही. घरी शिकवलंय ना, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये."

म्हटलं, मग आज काय झालं? तर म्हणाली, "परीक्षेत मी विचार करत होते की मोठ्या वकिलाला काय आवडेल. आज पप्पांचं सुताचं पोतं आठवलं."

त्यांच्या सायझिंगला सुताची पोती येतात, पोत्यावर काउंट, म्हणजे सूत किती जाड-बारीक ते, आणि लॉट नंबर लिहिलेला असतो. कधी हमाल दुसऱ्याच व्यापाऱ्याचं पोतं उतरवून जातो. तिचे वडील त्या पोत्याला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी व्यापाऱ्याला फोन, मग दिवाणजीला सांगून वहीत नोंद, मग पोतं बाजूला. एकदा शिवण उसवली की म्हणायचं काय, आत सुताचे किती कोन होते? भांडण तिथून सुरू होतं.

बघा म्हणजे, उत्तर तिच्या घरातच होतं. परीक्षेच्या खोलीत शिरताना तिने ते दाराबाहेर ठेवलं. आणि आजकाल एसजेटीचे क्लास निघालेत, हजारो रुपये घेऊन आदर्श उत्तरं पाठ करून घेतात. मला विचाराल तर ते पैसे वाया. दुकान असेल, शेती असेल, पतसंस्था असेल, घरात चार माणसं कामाला असतील तर अर्धी एसजेटी तुम्ही दहावीच्या सुट्टीतच दिलेली आहे.

उरलेली अर्धी मात्र वाचावी लागते. इंग्लंडच्या फर्मला अर्ज करणार असाल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे तिकडच्या सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिची सात तत्त्वं वाचा, पानभर मजकूर आहे. कायद्याचं राज्य, लोकांचा विश्वास, स्वातंत्र्य, प्रामाणिकपणा, सचोटी, समानता आणि अशिलाचं हित. दोन तत्त्वं एकमेकांना आडवी आली तर व्यापक लोकहित जपणारं तत्त्व वरचढ, अशिलाचं हित त्याच्या खाली, हेही तिथे लिहिलंय. गोपनीयतेचे आणि लपवाछपवीचे प्रश्न त्यावरून बरेचसे सुटतात. मग फर्मच्या संकेतस्थळावर ते स्वतःबद्दल काय सांगतात ते बघा. एखादी फर्म टीमवर्कचा घोषा लावत असेल तर एकट्याने किल्ला लढवण्याचा पर्याय तिथे वर ठेवू नका.

पर्याय वाचताना आधी सगळ्यात वाईट शोधा, तो चटकन सापडतो. खोटं बोलणं, चूक दडवणं, दुसऱ्यावर ढकलणं, हातावर हात ठेवून बसणं, यातलं काहीतरी असतं. मग उरलेल्यांना तोच प्रश्न विचारा. कोणाला सांगितलं आणि कधी सांगितलं. पण प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला थेट पार्टनरच्या दारात जाणं हेही योग्य नव्हे. स्टेपलर कुठे आहे ते शेजारच्याला विचारा. स्वतः करण्यासारखं आधी करून, मग नेमक्या माणसाकडे जायचं. ती मुलगी आधी प्रिंटरकडे धावली, मग माझ्याकडे आली.

वाचनाची किंवा तब्येतीची काही अडचण असेल, डिस्लेक्सिया म्हणा, तर जादा वेळ मागता येतो. तो चाचणीची लिंक उघडायच्या आधी मागायचा, आणि मागायला लाजायचं नाही. चाचणी हॉस्टेलच्या वायफायवर रात्री पावणेबाराला देऊ नका.

आणि अर्ज एआयकडून लिहून घेणाऱ्यांसाठी एक. वाचणाऱ्याला ते कळतं. दहा अर्जांत तेच "लहानपणापासून न्यायाची ओढ" असतं. त्यापेक्षा सायझिंगचं लिहा. पाठवण्याआधी फर्मचं नाव तपासा. आधीच्या फर्मचं नाव तसंच ठेवून आलेले अर्ज आमच्याकडे दर वर्षी असायचे, आणि ते पहिल्या स्वल्पविरामापर्यंतसुद्धा कोणी वाचत नसे.

काचेपलीकडून खूण झालीय, वेळ संपली. नमस्कार.